मदत हवी आहे: आठवडी बाजारात मिळालेलं बिदरी पानदान कसं साफ करावं?

नमस्कार मंडळी. परवा आम्ही चौघं मित्र उदगीरजवळच्या एका गावच्या आठवडी बाजारात जुन्या वस्तू धुंडाळायला गेलो होतो. सकाळपासून ऊन डोक्यावर घेत भंगारवाल्यांची पोती उपसली. एकाला तांब्याचा बंब मिळाला, दुसऱ्याला चारमिनार असलेलं निजामाच्या काळचं नाणं. मला एका म्हाताऱ्या बाबांच्या गोणपाटावर, गंजलेल्या कुलपांच्या आणि मोडक्या अडकित्त्यांच्या ढिगाखाली हे पानदान सापडलं. हातात घेतलं तर चांगलंच जड. झाकणावरची धूळ ओल्या रुमालानं पुसली तशी काळ्यावर चांदीच्या तारेची बारीक वेल दिसली आणि माझा हातच थांबला. बाबांनी सांगितली तेवढी किंमत दिली, घासाघीस करवेना.

आता अडचण अशी की बुडाला पांढरट थर चढलाय, तार दोन ठिकाणी उचकटलीय आणि चांदी काळवंडलीय. आई म्हणते चिंच लावून घास. पण बिदरी म्हणजे जस्त-तांब्याचा मिश्रधातू, त्यात जस्तच जास्त, आणि जस्ताला आंबट चालत नाही. शिवाय तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून आणलेला असतो, तो गेला तर घरी परत आणता येणार नाही. म्हणून सध्या नुसतं मऊ फडक्यानं पुसून ठेवलंय.

पांढरा थर काळ्या रंगाला धक्का न लावता कसा काढावा? खोबरेल तेल चालेल का? तार बसवून देणारा बिदरचा खात्रीचा कारागीर कुणाच्या माहितीत आहे का? उदगीरहून बिदर जवळच आहे, मी स्वतः घेऊन जाईन.