मदत हवी आहे: माथ्यावरच्या आणि पायथ्याच्या काजूच्या हुर्राकात (फळांचा आंबवलेला रस एकदा गाळून निघणारी दारू) फरक कशामुळे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचा वडिलोपार्जित काजूचा डोंगर आहे, लहानसाच. माथ्यावर जांभ्याचा सडा, माती वीतभरही नाही. पायथ्याला ओहोळाने आणून टाकलेली काळपट माती, फेब्रुवारीतही ओल धरून असते. झाडे दोन्हीकडे गावठी. खत नाही, पाणी नाही. बोंडू, म्हणजे काजूची फळे, पडलेलेच वेचतो.

आजवर सगळे एकाच कोळंबीत (बोंडू तुडवायच्या कुंडीत) मळले जायचे. यंदा भाटीवाल्या (दारू गाळणाऱ्या) काकांना गळ घालून दोन्हीकडचा रस वेगळा ठेवला. माथ्यावरचे बोंडू लिंबाएवढे, पण पिळले की बोटे एकमेकांना चिकटतात. खालचे दुप्पट मोठे, रसाळ आणि पाणचट. हुर्राक निघाला तेव्हा वरच्याचा वास भाटीच्या दारापर्यंत आला, खालचा गुळमुळीत. काका म्हणाले, "मातयेचो गूण, बाबा."

मला हे निम्मेच पटते. जमिनीतले क्षार वाफेबरोबर वर येत नाहीत, भाणातच (रस उकळायच्या भांड्यातच) राहतात. वाइनचा रस तर उकळतही नाहीत, तरी तिथेही उताराचा गुण बराचसा पाण्याच्या वाटेने येतो असे दिसते: उथळ मातीतून पाणी निघून जाते, मणी बारीक राहतात, रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रेड वाइनला रंग आणि तुरटपणा. आमच्या माथ्यावरही हेच होत असेल का?

घोळ माझ्याकडूनही झाला. खालचे बोंडू आठ दिवस उशिरा वेचले, मध्ये अवकाळी पावसाची सर येऊन गेली. वरचा रस मातीच्या मडक्यात आंबला, खालचा प्लास्टिकच्या पिंपात.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांनी सांगावे: एकाच बागेत चढ आणि सपाटी यांची तुलना करताना रिफ्रॅक्टोमीटरने साखर कधी आणि किती झाडांची मोजता? आंबवताना काय काय सारखे ठेवावे? काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते अख्ख्या गोव्याला एकच. एकाच डोंगराचे दोन भाग वेगळे गाळून पाहिलेले कुणी इथे आहे का?

विचारायचे कारण, चुलतभाऊ माथ्यावर ठिबक घालू म्हणतो. बी वाढेल आणि घरात पैसा बीचाच येतो, त्याचे चुकत नाही. पण बोंडू फुगले तर तो वास जाईल, याची मला फार धास्ती आहे. मोहर येण्याआधी त्याला उत्तर द्यायचे आहे.