मदत हवी आहे: 'ओरिजिनल मॉडेल २७' एअर रायफल कोणत्या सालची?

नमस्कार मंडळी, मामांकडून एक जुनी छर्‍याची बंदूक माझ्याकडे आलीय, तिचं साल काढायचंय आणि एका आकड्यावर गाडी अडलीय.

नळी मोडून भरायची, साडेपाच एमएमची, 'ओरिजिनल मॉड. २७' आणि 'मेड इन जर्मनी' कोरलंय. शोधाशोध करून एवढं कळलं की ही जर्मनीतल्या रास्टाटच्या मायर उंड ग्रामेलस्पाखर कंपनीची, म्हणजे डायना ब्रँडचीच, फक्त युद्धानंतर डायना हे नाव आणि मशिनरी स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेली म्हणून ब्रिटिश बाजारात जर्मन मालावर 'ओरिजिनल' टाकावं लागलं, डायना नाव १९८४ मध्ये परत मिळालं. आणि जर्मनीत एअरगन परत बनायला लागल्या १९५० च्या सुमारास. म्हणजे त्या मधली, पण एवढ्या मोठ्या पट्ट्याला साल कोण म्हणेल!

आता सिलिंडरच्या मागच्या टोकाला डावीकडे, लाकडाच्या जरा वर, बारीक आकडे आहेत, आधी महिना मग साल असतं म्हणे. ०९ स्वच्छ, पुढचा ६ पण स्वच्छ, आणि शेवटच्या आकड्यावर नेमका गंज. उजवीकडचे दोन गोलवे दिसतात, डावी बाजू झाकलेली, त्यामुळे ३ पण असेल नि ८ पण. मामा म्हणतात पासष्टच्या आधीच घरात होती, मावशी म्हणते छे, माझ्या लग्नानंतर आली, म्हणजे सहासष्टनंतर (आमच्याकडे सगळा इतिहास मावशीच्या लग्नापासून मोजतात).

पंचकोनातला एफ कुठेच नाही, त्यावरून काही ठरतं का? आणि गंजावर बारीक सँडपेपर मारू का?

प्रतिसाद

अहो सँडपेपर अजिबात नको!! ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) तर जाईलच, वर उरलासुरला आकडा पण जाईल. पातळ मशिन ऑइलचा थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी सुती फडक्याने टिपा. मग खोलीत अंधार करून टॉर्च सिलिंडरला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा, ठोकलेल्या आकड्याच्या खाचेत सावली पडते ती सरळ उजेडात दिसत नाही. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा.

एफ हा जर्मनीतल्या नियमाचा शिक्का, १९७० पासूनचा, साडेसात जूलच्या आतल्या एअरगनसाठी. असला तर बंदूक त्यानंतरची, नसला तर काहीच सिद्ध होत नाही, बाहेर पाठवलेल्या कितीतरी बंदुकांवर तो नसतो. दस्त्यावरून पण साल ठरवू नका, दस्ते बदललेले असतात, शिक्का लोखंडावरचा खरा. आणि तो बनवल्याचा महिना, दुकानात विकल्याचा नाही.

एक मात्र, उत्साहात मागची कॅप खोलायला जाऊ नका, आत स्प्रिंग दाबलेली असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय उघडली तर तोंडावर येईल.

धागाकर्ता

ऑइल आणि टॉर्च दोन्ही केलं. डावीकडे खालच्या गोलाला बारीक खाच दिसतेय, वरच्या गोलाला अर्धवट. ३ ला तिकडे काही असायचं कारण नाही, सो मी ०९ ६८ धरतोय, सप्टेंबर १९६८. फोटो टाकलाय, कोणीतरी बघून कन्फर्म करा प्लीज, मग मामांना सांगतो.