√०.४ परिमेय की अपरिमेय?

प्रश्न: √०.४, √१७६४, √१७२८ आणि √८/√१८ यांतल्या परिमेय (म्हणजे p/q अशा पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या) संख्या कोणत्या? कॅल्क्युलेटरवर बघून ठरवलं तर चालेल का?

उत्तर १: मूळ अवयव पाडा. १७६४ = २² × ३² × ७², सगळे घातांक सम, म्हणून वर्गमूळ ४२. १७२८ = २⁶ × ३³; ३ चा घातांक विषम, म्हणजे २४√३, अपरिमेय. कारण √१७२८ = p/q, म्हणजे p² = १७२८q² मानलं तर डावीकडे ३ चा घातांक सम, उजवीकडे विषम. जुळणारच नाही.

उत्तर २: ०.४ ला मुलं हमखास फसतात, ०.२ लिहून मोकळी होतात. ०.२ चा वर्ग ०.०४! आधी अपूर्णांक करा, तोही अतिसंक्षिप्त: ४/१० = २/५. अंश-छेद दोन्ही पूर्ण वर्ग नाहीत, म्हणून अपरिमेय. √८/√१८ मात्र उलट: √८ आणि √१८ दोन्ही अपरिमेय, पण ८/१८ = ४/९, उत्तर २/३.

उत्तर ३: कॅल्क्युलेटर नकोच. √(१/२८९) काढा: ०.०५८८२३५… परिमेय संख्येत दिसायला हवं ते आवर्तन (तोच अंकगट पुन्हा पुन्हा येणं) दिसत नाही, तरी ती १/१७ आहे. आवर्ती गट १६ अंकांचा, पडदा ८ अंकांचा.

प्रश्नकर्ता: म्हणजे √१७६४ आणि √८/√१८ परिमेय. समजलं.