मदत हवी आहे: मेयॉलच्या लिव्हरपूल मैफलीत कोणती गिटार कोणाची?

मंडळी, ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या सत्तरीनिमित्त जुलै 2003 मध्ये लिव्हरपूलला झालेल्या मैफलीची सीडी हाती लागलीय. त्याच्या ब्लूजब्रेकर्स या बँडसोबत पाहुणा गिटारवादक एरिक क्लॅप्टन! 1966 च्या ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ या गाजलेल्या अल्बमनंतर इतक्या वर्षांनी दोघे एका मंचावर. बँडचा नेहमीचा गिटारवादक बडी व्हिटिंग्टनही तितकाच तयारीचा, आणि इथंच घोळ होतो. त्यात बँडचा जुना गिटारवादक मिक टेलरही पाहुणा आहेच.

मला या मैफलीतल्या ‘हॅव यू हर्ड’ गाण्यातला गिटार सोलो बसवायचाय. हेडफोन लावून ऐकलं, तरी क्लॅप्टन कुठला आणि व्हिटिंग्टन कुठला, कळेना. कोणी डीव्हीडी पाहिली असेल तर सांगाल का, कोण केव्हा वाजवतो? मिनिट-सेकंदासकट सांगितलंत तर फारच उत्तम. तार खेचण्याच्या ढबीवरून कानाला ओळखता येतं का?