विकता येत नाही, तरी त्याला मालकी म्हणायचे का?

प्रश्न : वाचक_नागपूर

आमच्या अभ्यासमंडळात सामूहिक वनहक्कांवर चर्चा झाली आणि ती एका शब्दावर अडली. 2006 च्या वनहक्क कायद्यातील कलम 3 मध्ये गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या तेंदूपत्ता, मध, डिंक अशा वस्तूंवर) जंगलात राहणाऱ्या आदिवासींचा आणि इतर पारंपरिक वननिवासींचा ‘मालकी हक्क’ मान्य केला आहे. पुढे कलम 4(4) सांगते की हा हक्क वारसाने मिळतो, पण तो विकता येत नाही आणि कोणाच्या नावे करूनही देता येत नाही. आमच्यातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की जी गोष्ट विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, जिच्यावर पाच पैशांचे कर्ज उभे राहत नाही, तिची मालकी सांगणे म्हणजे मनाची समजूत घालणे होय. मला हे पटले नाही, पण नेमके का पटले नाही, हे मला तिथे सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : भोगवटा

आपल्या त्या सदस्यांची शेती असेल तर त्यांना स्वतःचा सातबारा उघडायला सांगा. त्यावर नावापुढे ‘मालक’ असे लिहिलेले नसते, ‘भोगवटादार’ असे असते. त्यातही वर्ग 2 च्या भोगवटादाराला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. तरीही त्या शेतकऱ्याला त्याच्या बांधावर उभे राहून ‘हे शेत तुझे नाही’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे विक्रीची मुभा हा मालकीचा एक भाग झाला, सगळी मालकी नव्हे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि एडेला श्लागर या अभ्यासकांनी 1992 च्या एका लेखात सामाईक संपत्तीवरील हक्कांची पाच अंगे वेगळी करून मांडली : आत जाण्याचा हक्क, उत्पन्न घेण्याचा हक्क, व्यवस्थापनाचा हक्क, इतरांना मज्जाव करण्याचा हक्क आणि विकण्याचा हक्क. पाचवा नसला तरी पहिल्या चारांच्या बळावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या जंगल, कुरण, मासेमारीचे पाणी सांभाळत आली आहेत, हा त्यांच्या मांडणीचा मला महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. ‘सामाईक ते उजाड होणारच’ असे 1968 मधील गॅरेट हार्डिन यांच्या लेखापासून सांगितले गेले. हार्डिन यांच्या त्या मांडणीत ज्या कुरणावर कोणाचाच मज्जाव नाही ते कुरण आणि ज्याला गावाचे नियम आहेत ते कुरण यांत फरकच केलेला नव्हता.

आता आपल्याकडचे उदाहरण घ्या. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हाती आला, पण बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना देणे वनविभागाच्या हातात होते आणि बांबू हे गौण वनोपज नसून लाकूड आहे असे म्हटले जात होते. वास्तविक कायद्याच्या व्याख्येत बांबूचा उल्लेख स्पष्ट होता. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. परवाना नसलेला ट्रक पहिल्याच नाक्यावर अडतो आणि ज्याच्या सहीने तो पुढे सुटतो, त्या मालाचा खरा धनी तोच असतो. त्यामुळे 2009 च्या कागदाइतकेच मोल मी त्या पुस्तकाला देतो.

उत्तर : तेंदू_हंगाम

मी काही वर्षे एका ग्रामसभेचा हिशेब लिहिण्याचे काम केले आहे, म्हणून तेंदूपत्त्याबद्दल सांगते. मे महिन्यात बाया पहाटेच पाने तोडायला निघतात, दुपारी अंगणात बसून 70 पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फडावर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजून देतात. पूर्वीही हेच काम होते, याच बाया होत्या. मात्र लिलाव वनविभाग करीत असे आणि गावाच्या वाट्याला मजुरी येत असे. आता आमची ग्रामसभा स्वतः निविदा काढते, दर गावासमोर ठरतो आणि मजुरीखेरीज उरलेली रक्कमही गावाच्या खात्यात जमा होते. त्या रकमेचे काय करायचे यावर जेव्हा रात्री उशिरापर्यंत भांडण झाले, तेव्हा मला मालकी हा शब्द प्रथम नीट कळला, कारण मजुरीवर असे भांडण कधी झाले नव्हते.

पण बँकेतील त्या काकांचे म्हणणे अगदीच टाकून देऊ नका. खेळते भांडवल नसल्यामुळे पाने ठेवून घेऊन चांगल्या दराची वाट पाहणे ग्रामसभेला जमत नाही. ठेकेदारांनी संगनमत केले की पडेल त्या दराने माल द्यावा लागतो. माझ्या मते यावर उपाय तोडलेल्या मालावर उचल देण्याचा आहे. त्यासाठी जंगल गहाण टाकण्याची मुभा नको. जंगल गहाण पडले तर एका वाईट हंगामात ते जाईल.

वाचक_नागपूर

ताई आणि ‘भोगवटा’, दोघांचेही आभार. एक शंका राहते. ज्या जमिनीवर हे जंगल उभे आहे ती अजून शासनाचीच आहे ना? मग शासनाने उद्या तेथे खाण द्यायची ठरवली तर?

उत्तर : भोगवटा

जमीन शासनाचीच आहे, हे खरे. पण ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये हा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवायला लावला आणि त्या वर्षी बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तेथे राहणाऱ्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या नावावर तो डोंगर नव्हता, तरी खाण झाली नाही. नकाराचा हा अधिकार प्रत्येक ठिकाणी इतक्या ठामपणे मिळतो असे मात्र मी म्हणणार नाही. ग्रामसभेचा ठराव कोरम न भरता कागदोपत्री झाला असेल तर तो सुनावणीत उघडा पडू शकतो. म्हणून आपल्या मंडळाला एखाद्या गावात जायचे असेल तर हक्काच्या प्रमाणपत्राआधी ग्रामसभेची इतिवृत्त वही पाहायला मागा, आणि शेवटच्या तीन ठरावांखाली सह्या व अंगठे किती आहेत, त्यांत बायकांचे किती, ते मोजा.