मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या कॅसेटमधला भूप

नमस्कार मंडळी. १९८८ साली काकांनी आमच्या ग्वाल्हेरच्या घरी, लष्कर भागात, झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. ४८ के मेमरी, रबराच्या कळा, पडदा म्हणजे घरचा टीव्ही. सूर वाजवायच्या बीप या आज्ञेत आधी सेकंद, मग मध्य सी पासून किती अर्धस्वर वर, एवढंच लिहायचं. भूप रागाचे सा रे ग प ध म्हणजे ०, २, ४, ७, ९. आजी गायची. तिला ग चढा वाटे. शेवटी ४ च्या जागी ३.८६ लिहिलं (अपूर्णांक चालत!), तेव्हा म्हणाली, "आता लागला."

स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर साठवत; तो भूप असलेली कॅसेट परवा माळ्यावर सापडली. आवाज लॅपटॉपवर उतरवून एम्युलेटरला (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला) दिला, तर अर्ध्यावर "टेप लोडिंग एरर". कॅसेट डेकचं टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, रेकॉर्डिंग मोनो केलं, फरक नाही. हेडचा स्क्रू फिरवून कोन जुळवावा का? प्रत एकच आहे, टेप पुन्हापुन्हा चालवायची भीती वाटते. बिघडलेला भाग नुसत्या रेकॉर्डिंगवरून दुरुस्त करता येतो का? आणि ग्वाल्हेरात जुने डेक नीट करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. आजी आता नाही, पण तिने लावून घेतलेला गंधार त्या टेपवर आहे.