मदत हवी आहे: माझे धडे भांडारात का घेत नाहीत?

रेघोटी: रक्ताभिसरणावरचे धडे एका मुक्त शैक्षणिक भांडारात टाकले, तर 'परवान्यात विसंगती' म्हणून परत आले. चित्रं सगळी मुक्तच आहेत! दुसरं भांडार सुचवा, जरा लवकर. बाकीचे शिक्षक खोळंबलेत.

जुनाखडू: धडे कशात आहेत? स्लाइड, व्हिडिओ, की एचफाइव्हपी, म्हणजे वेबपानावर चालणारे संवादी धडे? आणि 'मुक्त' म्हणजे कोणता परवाना? क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्यांचेच सहा प्रकार आहेत.

पायवाट: झेनोडो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं आहे, एका नोंदीत ५० जीबी मावतं, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, नवी आवृत्ती चढवली तरी जुनी राहते. माझं सगळं तिथेच असतं.

निळीशाई: तिथे एचफाइव्हपी नुसती उतरवून घेता येते, पानावर चालत नाही. मर्लोवर नोंदवा.

पायवाट: मर्लो म्हणजे मुख्यतः दुव्यांची सूची. फाइल ठेवायची कुठे?

रेघोटी: एचफाइव्हपीच आहे. काही चित्रांचा परवाना बाय-एसए, काहींचा बाय-एनसी-एसए.

जुनाखडू: मग गोची तिथेच आहे, भांडार बदलून काही होणार नाही. दोन्ही परवाने सांगतात की बदललेली कृती आमच्याच अटींवर द्या. बाय-एसएला व्यापारी वापर चालतो, एनसीवाल्याला नाही. चित्रं न बदलता शेजारी-शेजारी ठेवली असतील तर तो संग्रह, प्रत्येकाखाली त्याचा परवाना लिहिला की झालं. दोन मिळून एक केलं असेल तर ते कोणत्याच परवान्याखाली वाटता येत नाही.

अर्धविराम: एवढं कशाला? पीडीएफ करा आणि द्या.

निळीशाई: पीडीएफ केल्याने परवाना बदलतो का? वर घेणाऱ्याला धड्यात फेरफार करणं अवघड. मग वाटण्यात अर्थ काय?

अर्धविराम: निदान कुठेही उघडतं तरी.



रेघोटी: हृदयाची आकृती दोन चित्रं जोडून केली आहे, मराठी नावं घालून. बाकी जशीच्या तशी. म्हणजे तेवढीच अडतेय?

जुनाखडू: हो ताई, तेवढीच. एनसीवाला भाग काढा, बाय-एसएवाल्यावरून पुन्हा काढा आणि आकृतीला बाय-एसए द्या. एसव्हीजीत, म्हणजे नंतर बदलता येणाऱ्या रेखाचित्राच्या फाइलीत करा, नावं वेगळ्या थरात ठेवा. दुसऱ्या भाषेच्या शिक्षकाला नुसती अक्षरं बदलता येतील.

पायवाट: चित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या साठ्यात शोधा, तिथे एनसी घेतच नाहीत.

रेघोटी: आजच बसते. पण धड्याला परवाना एकच निवडता येतोय?

जुनाखडू: तो पूर्ण धड्याचा. चित्र टाकताना तिथेच कॉपीराइटचं बटण असतं, त्यात प्रत्येकाचा वेगळा भरा.